लक्षण, वर्णन आणि नाम : परोपजीवी गांधीलमाश्यांच्या जातिनिश्चितीचा प्रश्न

कीटभृंगन्याय मराठी वाचकांच्या परिचयाचा आहे. कुंभारीण माशी एखादी अळी उचलून आपल्या मातीच्या घरट्यात नेऊन ठेवते, घरट्याचे तोंड लिंपून टाकते, आणि काही दिवसांनी त्या घरट्यातून अळी नव्हे, तर कुंभारीणच बाहेर पडते. ध्यासामुळे अळीच भृंगरूप झाली, असे अनुमान यावरून निघाले आणि अध्यात्मविचारात दृष्टान्त म्हणून त्याचा पुष्कळ उपयोग झाला. त्या दृष्टान्ताच्या योग्यायोग्यतेची चर्चा येथे कर्तव्य नाही. ध्यानात घ्यावयाचे ते एवढेच की, यातील निरीक्षण जवळजवळ बिनचूक आहे. चूक झाली ती ओळख पटविण्यात. आत गेला तो जीव एका जातीचा, बाहेर आला तो दुसऱ्या जातीचा. मधल्या काळात कुंभारणीच्या अंड्यातून निघालेल्या पिलाने ती बधिर झालेली अळी खाऊन संपविली, हे बंद घरट्यामुळे कोणास दिसले नाही. त्यामुळे दोन जीवांचे चरित्र एकाच जीवाच्या नावावर जमा झाले.

कुंभारणीच्या पुष्कळ दूरच्या भाऊबंदांत याच व्यवहाराचे अधिक सूक्ष्म रूप आढळते. या माश्या घरटे बांधीत नाहीत. दुसऱ्या कीटकाचे अंडे, अळी किंवा कोष हेच त्यांचे घरटे. मादी आपले अंडे यजमानाच्या शरीरात किंवा शरीरावर घालते. पिलू यजमानावर वाढते आणि वाढ पुरी होईपर्यंत यजमान मरतो. मराठीत यांना सरसकट ‘परोपजीवी’ म्हणण्याचा प्रघात आहे. तो शब्द काहीसा सैल आहे, कारण उवा आणि जंत हेही परोपजीवीच, परंतु यजमानाचे जगणे त्यांच्या सोयीचे असते. येथे यजमानाचा मृत्यू हा जीवनक्रमाचा नियत भाग आहे. दुसरा रूढ शब्द नसल्यामुळे पुढील विवेचनात हाच शब्द या मर्यादित अर्थाने योजिला आहे.

या माश्यांची जात ठरविणे हे काम कसे चालते, ते कोठे अडते, आणि अडले म्हणजे काय बिघडते, हे पाहावयाचे असेल तर ट्रायकोग्रामा या प्रजातीचा गेल्या शतकातील इतिहास फार बोधक आहे.

ही माशी जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची. वाक्याच्या शेवटी छापलेल्या पूर्णविरामाच्या टिंबाएवढी. ती पतंगांच्या अंड्यांत आपली अंडी घालते. तीन-चार दिवसांत पतंगाचे अंडे काळे पडते आणि आठ-दहा दिवसांनी त्यातून अळीऐवजी माशी बाहेर येते. १८३३ मध्ये वेस्टवुड या इंग्रज कीटकशास्त्रज्ञाने तिला हे नाव दिले. ग्रीक भाषेत ‘थ्रिक्स’ म्हणजे केस आणि ‘ग्रामा’ म्हणजे रेघ, लिहिलेली खूण, अक्षर. तिच्या पुढच्या पंखांवर बारीक केसांच्या ओळी असतात, त्यावरून हे नाव आले. ‘केशाक्षरा’ असा त्याचा संस्कृत तर्जुमा करता येईल. दुर्दैव असे की, हे अक्षर वाचणे पुढे दीडशे वर्षे कोणास धडपणे साधले नाही.

याची झळ केवळ संग्रहालयांपुरती राहिली नाही. ट्रायकोग्रामा प्रयोगशाळेत वाढविणे सोपे आहे. तांदळावर पडणाऱ्या कॉर्सिरा पतंगाची अंडी कागदावर चिकटवून ती या माश्यांपुढे ठेवली की काम झाले. असे सुमारे वीस हजार अंड्यांचे एक ‘ट्रायकोकार्ड’ होते आणि महाराष्ट्रातील ऊस बागायतदारास ते चांगले ठाऊक आहे. परंतु उसाच्या कोवळ्या कोंबात शिरणारा खोडकिडा आणि शेंडा पोखरणारी अळी या दोन किडी निराळ्या आहेत, त्यांची अंडी निराळी आहेत, आणि त्यांवर सोडावयाच्या ट्रायकोग्रामाही निराळ्या आहेत. पहिलीसाठी चिलोनिस, दुसरीसाठी जापोनिकम. कार्डावर भलतीच जात असेल तर शेतात पैसा आणि हंगाम दोन्ही वाया जातात. आणि प्रयोगाच्या वृत्तांतात जातीचे नाव चुकले असेल तर तो प्रयोग दुसऱ्या कोणास पुन्हा करून पाहता येत नाही. नाम चुकले की त्या नामाखाली साठविलेले सगळे ज्ञान संशयास्पद होते.

चुकण्याचे कारण समजण्यासाठी वर्णन आणि लक्षण यांतील भेद लक्षात घेतला पाहिजे. न्यायशास्त्राने हा भेद स्पष्ट केलेला आहे. वस्तूच्या अंगी असलेल्या सर्व धर्मांची नोंद म्हणजे वर्णन. आणि तिला इतरांपासून वेगळे काढणारा जो असाधारण धर्म, ते लक्षण. गाईचा तांबूस वर्ण सांगितला तर पांढऱ्या गाई सुटतात, ही अव्याप्ती. शिंगे सांगितली तर म्हशीही आत येतात, ही अतिव्याप्ती. एक खूर सांगितला तर एकही गाय सापडत नाही, हा असंभव. गळ्याखालची पोळी सांगितली की काम होते. नव्या जातीचे वर्णन लिहिणारा कीटकशास्त्रज्ञ हेच करीत असतो. डोके, शृंगिका, वक्ष, पंख, पाय, उदर अशा ठराविक क्रमाने तो मापे देतो, केसांची संख्या देतो, रंग देतो; परंतु त्याच्या लेखाचा प्राण असतो तो दोन-चार ओळींच्या लक्षणात. ही जात अमुक जातीस जवळची असून तमुक गोष्टीत तिच्याहून भिन्न आहे, हे वाक्य ज्यास नीट लिहिता आले नाही, त्याची दहा पाने व्यर्थ होत.

प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेनेही ही गोष्ट नियमात बसविली आहे. १९३० नंतर प्रसिद्ध झालेले नाव ग्राह्य ठरावयाचे असेल, तर जातीला वेगळे काढणारी लक्षणे त्यासोबत शब्दांत सांगितलेली असली पाहिजेत, किंवा अशा विधानाचा संदर्भ तरी दिलेला असला पाहिजे. ‘शब्दांत’ ही अट अर्थपूर्ण आहे. नुसते चित्र, ते कितीही रेखीव असो, पुरेसे मानलेले नाही. चित्र सर्व काही दाखविते आणि त्यातील कशाकडे पाहावयाचे ते सांगत नाही.

ट्रायकोग्रामाच्या जुन्या वर्णनकारांनी लक्षण म्हणून जे धर्म घेतले ते प्रामुख्याने दोन : अंगाचा रंग आणि पंखांवरील केसांची मांडणी. दोन्ही धर्म दगा देणारे निघाले. थंडीत वाढलेल्या माश्या काळसर होतात, उष्णतेत वाढलेल्या पिवळट राहतात. मोठ्या अंड्यातून मोठी माशी निघते, लहान अंड्यातून लहान. आणि आकारमानाबरोबर केसांची संख्याही बदलते. केंब्रिज येथील जॉर्ज सॉल्ट यांनी १९३७ मध्ये प्रसिद्ध केलेले निरीक्षण तर चकित करणारे आहे. ट्रायकोग्रामा सेम्ब्लिडिस ही जात पाणथळ जागी राहणाऱ्या सायलिस नावाच्या कीटकाच्या अंड्यांत वाढली तर तिच्या नरांना पंख नसतात. तीच जात पतंगाच्या अंड्यांत वाढली तर नर पंखांसहित जन्मतात. रक्त तेच, जात तीच, केवळ अन्नघर निराळे. हे नर दोन निरनिराळ्या संग्राहकांच्या हाती पडले असते तर त्यांनी दोन जातीच काय, कदाचित दोन प्रजाती स्थापन केल्या असत्या, आणि वर्णन म्हणून दोघांचेही लेख निर्दोष ठरले असते.

भेद जेथे नाही तेथे दिसावा, तसाच तो जेथे आहे तेथे दिसू नये, असेही घडले. अमेरिकेत अंड्यांवर सापडलेली जवळजवळ प्रत्येक ट्रायकोग्रामा ‘मिन्यूटम’ म्हणून नोंदली गेली, युरोपात ‘इव्हॅनेसेन्स’ म्हणून. भारतात ही दोन्ही नावे चालत होती, आणि काहींनी दोन्ही जोडून ‘इव्हॅनेसेन्स मिन्यूटम’ असे नावही चालविले. एकाच शब्दाखाली अनेक अर्थ जमा व्हावेत तशी ही स्थिती होती. मराठी लेखनात ‘जरा’ हा शब्द एकच दिसतो. परंतु ‘थोडे’ या अर्थाचा ‘जरा’ आणि ‘वार्धक्य’ या अर्थाचा ‘जरा’ यांतील ‘ज’ निराळा उच्चारला जातो आणि मराठी माणसाच्या कानास तो भेद क्षणात कळतो. लिपीवर भिस्त ठेवणाऱ्या परकीयास तो कळत नाही. ट्रायकोग्रामाच्या बाबतीत कीटकशास्त्रज्ञाची अवस्था या परकीयासारखी होती. भेद माश्यांना कळत होता, कारण त्या परजातीशी संकर करीत नव्हत्या. सूक्ष्मदर्शकास तो कळत नव्हता.

तेव्हा ज्यांना कळते त्यांनाच विचारावे, हा मार्ग बंगळूर येथे चोखाळण्यात आला. राष्ट्रकुल जैविक नियंत्रण संस्थेच्या तेथील भारतीय केंद्रात सुधा नागरकट्टी आणि एच. नागराज यांनी ऑस्ट्रॅलिकम, इव्हॅनेसेन्स आणि मिन्यूटम या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या माश्यांचे परस्पर संकर करून पाहिले आणि १९६८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. या प्रयोगाची युक्ती समजण्यासाठी मधमाश्या, मुंग्या व गांधीलमाश्या यांच्या वंशातील एक विशेष ठाऊक हवा. यांच्यात फलित अंड्यातून मादी जन्मते आणि अफलित अंड्यातून नर. म्हणजे मादीचे मीलन निष्फळ झाले तरी तिला संतती होतेच, पण ती सारी नरसंतती. म्हणून दोन वंशांचे नर-मादी एकत्र ठेवावे आणि संततीत मुली आहेत का ते मोजावे. मुली नसतील तर संकर झालेला नाही. जातिभेदाची इतकी सरळ कसोटी निसर्गाने फार थोड्या ठिकाणी दिली आहे.

कसोटी मिळाली तरी लक्षण मिळाले असे होत नाही. प्रत्येक नमुन्याचा संकर करून पाहणे शक्य नसते. टाचणीवरच्या मृत माशीचा तर मुळीच नाही. या दोघा संशोधकांचे खरे कर्तृत्व पुढच्या पावलात आहे. संकरातून ज्या जाती निराळ्या ठरल्या, त्यांच्या नरांच्या जननेंद्रियांची घडण त्यांनी तपासली आणि तीत स्थिर भेद दाखविले. माशीचे शरीर कॉस्टिक पोटॅशमध्ये मऊ व पारदर्शक करून काचपट्टीवर बसविले म्हणजे उदराच्या टोकाशी एक कठीण कोश दिसतो. त्याच्या पृष्ठभागावर पत्र्यासारखा एक विस्तार असतो. कोठे तो त्रिकोणी व बाजूंना गोलसर खांदे असलेला, कोठे निमुळता. त्याचे टोक कोठवर पोहोचते हेही जातीगणिक निराळे. हा अवयव रंगासारखा ऋतूप्रमाणे बदलत नाही आणि केसांसारखा आकारमानाच्या अधीन नाही. १९७१ मध्ये त्यांनी अनेक ज्ञात जातींची या दृष्टीने पुनर्वर्णने प्रसिद्ध केली. गळ्याखालची पोळी अखेर सापडली, असे म्हणावयास हरकत नाही. पुढील वर्गीकरण याच पायावर उभे राहिले.

तथापि याच अध्यायात नामाची एक गुंतागुंत दडलेली होती. बंगळूरच्या संशोधकांनी भारतातील सामान्य जातीस ‘ऑस्ट्रॅलिकम’ म्हटले होते. हे नाव जिराल्ट यांनी १९१२ मध्ये ऑस्ट्रेलियातील माशीस दिलेले. जिराल्ट हे विलक्षण गृहस्थ होते. हजारो जाती त्यांनी वर्णिल्या, कित्येक लेख पदरच्या खर्चाने छापून काढले, आणि एका सूक्ष्म माशीच्या नावात गटे व शेक्सपिअर या दोघांस एकत्र बसविले. परंतु त्यांची वर्णने त्रोटक, आणि आधुनिक लक्षणांचा त्यांत पत्ता नसे. तेव्हा भारतीय माशी आणि जिराल्ट यांची माशी एकच, हे कशावरून? इटलीतील व्हिजानी यांनी १९७६ मध्ये ती एक नव्हे असे ठरविले आणि भारतीय माशीस नवे नाव दिले : ‘कन्फ्यूझम’, म्हणजे घोटाळ्यात सापडलेली. त्यांच्या लेखाच्या शीर्षकातच ‘नागरकट्टी व नागराज यांची ऑस्ट्रॅलिकम, जिराल्ट यांची नव्हे’ अशा अर्थाचे शब्द आहेत. तेथील ‘नेक्’ हे लॅटिन नकारार्थी अव्यय वर्गीकरणाच्या वाङ्मयातील सर्वांत कामाचा शब्द असावा. नाव तेच, वस्तू ती नव्हे, एवढे सगळे ते तीन अक्षरांच्या जागेत सांगते.

घोटाळा येथेही संपला नाही. १९७९ मध्ये नागरकट्टी आणि नागराज यांनीच दाखविले की, ही माशी जपानमध्ये इशी यांनी १९४१ मध्ये ‘चिलोनिस’ या नावाने वर्णिलेली आहे. आधीचे ग्राह्य नाव टिकते, या नियमाने ‘कन्फ्यूझम’ मागे पडले आणि ‘चिलोनिस’ रूढ झाले. ‘चिलोनिस’ ही षष्ठी आहे. अर्थ ‘कायलोची’, कायलो म्हणजे खोडकिड्यांच्या पतंगांची प्रजाती. अशा रीतीने मिन्यूटम, इव्हॅनेसेन्स, ऑस्ट्रॅलिकम, कन्फ्यूझम आणि चिलोनिस या पाच नावांनी भारतीय शेतीच्या वाङ्मयात बहुतेक एकच माशी वावरत आली. ‘बहुतेक’ हा शब्द येथे हेतुपूर्वक घातला आहे. जुन्या प्रयोगांतील नमुने जेथे जपून ठेवले नाहीत, तेथे त्या प्रयोगात खरोखर कोण होते हे आता ठरविता येत नाही. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी आपल्या प्रबंधातील कीटकांचे काही नमुने संग्रहालयात ठेवावेत हा आग्रह अनेकांस जाचक वाटतो. त्याचे कारण हे आहे.

नमुन्याचे हे महत्त्व नामकरणाच्या तत्त्वातच आहे. जातीचे नाव वर्णनाशी बांधलेले नसते. ते एका विशिष्ट नमुन्याशी बांधलेले असते. यास आदर्श नमुना म्हणता येईल. हा नमुना जातीचा उत्कृष्ट प्रतिनिधी असावा अशी अपेक्षा नाही. तो लंगडा, फिकट, एका पंखाचा असला तरी चालतो. वर्णनकाराने शृंगिकेचे सांधे मोजण्यात चूक केली तर वर्णन चुकीचे ठरते, नाव नव्हे; नमुना पुन्हा पाहून वर्णन सुधारता येते. शब्दाचा अर्थ लक्षणाने ठरतो की निर्देशाने, हा भाषाचिंतनातील जुना वाद वर्गीकरणशास्त्राने व्यवहारापुरता असा मिटविला आहे : नाव निर्देशाने चिकटते आणि ओळख लक्षणाने पटते. नवीन जातीच्या लेखात आदर्श नमुना स्पष्टपणे नेमलेला असावा, ही अट १९९९ नंतरच्या नावांना सक्तीची आहे.

नराच्या जननेंद्रियाचे लक्षणही सर्वत्र पुरत नाही, हेही सांगितले पाहिजे. नागरकट्टी यांनी १९७५ मध्ये अमेरिकेतून वर्णिलेली ‘प्लॅटनेरी’ ही जात मिन्यूटमहून घडणीने वेगळी काढता येत नाही. संकर मात्र सफल होत नाही. शिवाय ट्रायकोग्रामाचे काही वंश असे आहेत की त्यांत नरच जन्मत नाहीत. मादीपासून मादी, अशीच परंपरा चालते. स्टाउटहॅमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये दाखविले की, अशा काही वंशांतील माद्यांना प्रतिजैविक औषध दिले की पुन्हा नर जन्मू लागतात. नर नाहीसे होण्याचे कारण माशीच्या शरीरात राहणारा वोल्बाकिया नावाचा जीवाणू हे होते. नरच नाही तेथे नराचे लक्षण अव्याप्त होते. म्हणून १९९९ पासून डीएनएतील एका विशिष्ट तुकड्याच्या अक्षरक्रमावरून जात ओळखण्याची पद्धत या प्रजातीत रुजली. माशीच्या अंगावरचे केशाक्षर वाचता आले नाही; आतले अक्षर वाचता आले.

आतापर्यंत पाहिले ते एका नावाखाली अनेक जाती दडल्याचे आणि एकाच माशीने अनेक नावे बदलल्याचे. नावे नव्हे, तर माशीचे मूळस्थानच बदलल्याचे एक अलीकडचे उदाहरण कापसाच्या शेतातून घेता येते. फिनॅकोकस सोलेनॉप्सिस हा पिठ्या ढेकूण मूळचा अमेरिकेतील. १८९८ मध्ये तो न्यू मेक्सिकोत वर्णिला गेला. २००५ च्या सुमारास पाकिस्तानात आणि लगोलग भारतात कापसावर त्याचा उद्रेक झाला. थोड्याच काळात शेतात काही ढेकूण तपकिरी व कडक होऊन मेलेले आढळू लागले आणि त्यांतून गोल भोक पाडून एक काळी माशी बाहेर येऊ लागली. ही माशी कोणी आणून सोडलेली नव्हती. तिच्या डोक्यावर शिंप्याच्या अंगुस्तानावर असतात तसे खळगे दाटीने असतात. हे एनॅसियस प्रजातीचे वैशिष्ट्य. अलीगढ मुस्लिम विद्यापीठाचे मोहम्मद हयात यांनी २००९ मध्ये ती नवी जात म्हणून वर्णिली आणि नवी दिल्लीच्या राष्ट्रीय एकात्मिक कीड व्यवस्थापन केंद्राचे संचालक ओ. एम. बंबावाले यांच्या नावावरून तिला ‘एनॅसियस बंबावालेइ’ म्हटले. अखेरचा ‘इ’ पुन्हा लॅटिन षष्ठीचा. मराठी आडनावास लागलेला लॅटिन विभक्तिप्रत्यय म्हणून तो भाषाभ्यासकांनीही पाहण्याजोगा आहे.

२०१४ मध्ये इराणमधील माश्यांचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांनी असे मत मांडले की, ही माशी आणि १९१५ मध्ये अमेरिकेतून वर्णिलेली ‘ॲरिझोनेन्सिस’ ही एकच होय. ते मत मान्य झाले. योगायोग असा की, ते जुने वर्णनही जिराल्ट यांचेच. आता या जातीचे नाव लिहिताना त्यांचे आडनाव कंसात घालावे लागते. जिराल्ट यांनी तिला प्रथम दुसऱ्याच प्रजातीत ठेवले होते, याची ती खूण.

या बदलाने केवळ लेबल बदलले असे मानणे बरोबर होणार नाही. ‘बंबावालेइ’ या नावाखाली पाहता ही भारतातील माशी ठरत होती. परदेशी ढेकूण आला आणि येथल्याच एका अज्ञात माशीने त्यास गाठले, असा वृत्तांत होत होता. ‘ॲरिझोनेन्सिस’ म्हणताच तोच वृत्तांत उलटतो. यजमान समुद्र ओलांडून आला आणि त्याच्यामागून, बहुधा त्याच्याच शरीरात बसून, त्याची जुनी वैरीणही आली. पहिला वृत्तांत खरा असता तर अशा किडींसाठी प्रथम देशी माश्यांचा शोध घेणे योग्य ठरले असते. दुसरा खरा असेल तर किडीच्या मूळ देशाकडे पाहावे लागते. जैविक नियंत्रणाचा पुढचा बेत कोणत्या दिशेने करावयाचा, हे अशा वेळी जातिनिश्चिती करणाऱ्याच्या दोन ओळींवर अवलंबून राहते.

‘बंबावालेइ’ हे नाव मात्र नष्ट झालेले नाही. ते ‘ॲरिझोनेन्सिस’च्या पर्यायनामांच्या यादीत आहे आणि हयात यांनी नेमलेल्या आदर्श नमुन्यास अजून बांधलेले आहे. दोन्ही माश्यांत आज न दिसलेला स्थिर भेद उद्या कोणी दाखविला, तर नवे नाव शोधण्याची गरज पडणार नाही. भारतीय माशीसाठी तेच नाव त्या यादीतून पुन्हा वर येईल.